फ्लोरिडाची निवडणूक आणि आमचे सर

सरांची आणि माझी ओळख झाली ती एका स्पेलिंगवरून. १९९३ साली मी एकोणीस वर्षांची होते आणि नाशिकला शालिमारजवळच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होते. इंग्रजी टायपिंगची मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास झाल्यावर तिथल्या मालकीणबाईंनी मला ठेवून घेतलं होतं. सकाळी नव्या मुलींना ए-एस-डी-एफ-जी-एफ शिकवायचं आणि दुपारी बाहेरची कामं करायची. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सोसायट्यांची इतिवृत्तं, कधी एखाद्याचा बायोडेटा.

एका दुपारी एक उंच, जरासे वाकलेले गृहस्थ आत आले. हातात हाताने लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा होता. त्यांनी मालकीणबाईंना नमस्कार केला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला टॅलाहासी टाइप करता येईल का?"

मी म्हटलं, "स्पेलिंग दिलंत तर येईल."

त्यांनी खिशातून पेन काढून चिठ्ठीवर लिहून दिलं. "दोन एल, दोन एस, दोन ई. यातलं एक जरी कमी पडलं तर राजधानी गेली."

कसली राजधानी, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. ते नाशिकच्याच एका कॉलेजात इतिहास शिकवत होते आणि पीएचडी करत होते. विषय होता, १८७६ सालची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक. सगळ्या अमेरिकेतली नाही, फक्त फ्लोरिडा राज्यातली. हे मला पहिल्या पानावर कळलं आणि वाटलं, आपण काहीतरी चुकीचं वाचतोय. मी मालकीणबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून शीर्षक दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "आपल्याला काय, पानामागे पैसे आहेत."

पण पानं संपेनात. सर एक प्रकरण द्यायचे, मी टाइप करायची, ते घेऊन जायचे आणि महिन्याभराने तेच प्रकरण लाल शाईने भरून परत आणायचे. जिथे 'हाउएव्हर' होतं तिथे 'नेव्हरदिलेस' झालेलं असायचं, आणि पुढच्या खेपेला पुन्हा 'हाउएव्हर'. मी तेव्हा टाइपरायटरवर कार्बन लावून तीन प्रती काढायची. एक शब्द बदलला की तिन्ही पानं पुन्हा. एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, या दोन शब्दांत फरक काय आहे?" त्यांनी दोन्ही शब्द पुन्हा वाचून पाहिले. "पहिल्यात लेखकाला शंका आहे," ते म्हणाले, "दुसऱ्यात शंका असून तो पुढे निघालाय." मी ते पान निमूटपणे पुन्हा टाइप केलं.

हळूहळू मला ती निवडणूक कळायला लागली. म्हणजे सरांनी ती मला समजावून दिली, आणि तीही अशी, की जणू परवा सिन्नरला झालेली आहे. दोन उमेदवार होते. एक ओहायोचा, एक न्यूयॉर्कचा. दक्षिणेकडच्या तीन राज्यांत निकालावरून वाद झाला, त्यातलं एक फ्लोरिडा. फ्लोरिडाच्या वाट्याला अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची चारच मतं होती, पण ओहायोवाल्याला वादातलं प्रत्येक मत हवं होतं आणि न्यूयॉर्कवाल्याला एक मिळालं तरी पुरे होतं. फ्लोरिडात पहिल्या मोजणीत दोघांमधला फरक शंभराच्याही आत होता, आणि पुढे कोण होतं ते कोणाची मोजणी धरता त्यावर अवलंबून. शेवटी त्या एका राज्यातून वॉशिंग्टनला तीन वेगवेगळे निकाल गेले, तिन्हींवर सह्या.

"तीन?" मी विचारलं.

"तीन," सर समाधानाने म्हणाले. त्या तीन निकालांवर त्यांचा जीव होता.

काउंटी म्हणजे काय ते मला कळेना, तेव्हा ते म्हणाले, "तालुका समजा. बेकर काउंटी म्हणजे आपलं पेठ. लांब, जंगलातलं, माणसं थोडी. अलाचुआ म्हणजे निफाड, शेतीभाती, मतं भरपूर. आणि टॅलाहासी म्हणजे नाशिक."

"राजधानी आहे ना? मग मुंबई म्हणा."

"छे. गाव केवढंसं होतं. नाशिकच."

हे बेकर प्रकरण त्यांच्या फार आवडीचं. तिथल्या काउंटी जज्जाने दोन सोबत्यांना घेऊन कचेरीत जाऊन मतांचे कागद काढले आणि दोन केंद्रांचे निकाल सरळ बाजूला ठेवले. तिथे काही घोटाळा झाला होता का? त्यांना तसं वाटत होतं, एवढंच. सर हे सांगताना उभे राहायचे, स्वतः जज्ज व्हायचे, मला आणि मालकीणबाईंना सोबती करायचे आणि आमच्या टेबलावरची दोन प्रतिज्ञापत्रं उचलून कोपऱ्यात ठेवायचे. ती नंतर शोधायला लागायची.

चौथ्या प्रकरणात मी टाइप करता करता थांबले. इथे जज्जाबरोबर तीन जण होते. दुसऱ्या प्रकरणात दोन. मी पेन्सिलीने बारीक खूण केली आणि सर आल्यावर दाखवली. ते कागद घेऊन निघून गेले. मला वाटलं, आता हे दुसरीकडे टायपिंगला देणार. आठ दिवसांनी आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "तू बरोबर होतीस. दोघेच." तोपर्यंत ते मला अहो-जाहो करायचे. त्या दिवसापासून मी 'तू' झाले, आणि त्या दिवसापासून माझं काम नुसतं टाइप करणं राहिलं नाही. प्रत्येक प्रकरण आधी मी वाचायचं आणि चुका काढायच्या, असं ठरूनच गेलं.

काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची, ओळख मी कागद पोचवायला त्यांच्या घरी जायला लागले तेव्हा झाली. त्या महापालिकेच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या. चारशे मुलं आणि दहा शिक्षिका सांभाळून घरी आल्या की सर त्यांना फ्लोरिडा सांगायचे. त्या भाजी निवडत ऐकायच्या.

"हाच विषय का घेतला, ते तुला काय सांगितलं ह्यांनी?" त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं.

सरांनी मला सांगितलं होतं की लोकशाहीची खरी परीक्षा निसटत्या निकालात होते. मी ते सांगितलं.

"असं काय?" काकू म्हणाल्या. "हैदराबादला अमेरिकेवरच्या पुस्तकांचं मोठं ग्रंथालय आहे. तिथे पंधरा दिवस जायला मिळालं होतं ह्यांना. चांगल्या विषयांची पुस्तकं सगळी दुसऱ्यांनी घेतलेली. फ्लोरिडाच्या कपाटाकडे कोणी फिरकलेलं नव्हतं."

सर आतल्या खोलीतून म्हणाले, "ते कारण नव्हतं."

"मग?"

आतून फक्त पानं उलटल्याचा आवाज आला.

कॉलेजात त्यांचे सहकारी त्यांना टॅलाहासीकर म्हणायचे. स्टाफरूममध्ये कोणी पेपर उघडून म्हणायचं, "सर, फ्लोरिडात काही कळलं का?" सर त्याचंही खरं उत्तर द्यायला सुरुवात करायचे. आपली थट्टा होते आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण प्रश्न विचारलाय तर उत्तर द्यायला हवं, अशी त्यांची समजूत होती.

१९९६ मध्ये मला एका अनुदानित शाळेत कनिष्ठ लिपिकाची नोकरी लागली. इन्स्टिट्यूट सुटली, फ्लोरिडा सुटला नाही. शाळा सुटल्यावर मी सरांकडे जायची. तोवर त्यांनी जुना कॉम्प्युटर घेतला होता, आणि आता शब्द बदलायला सोपे झाल्यामुळे ते दुप्पट बदलायला लागले होते.

मग १९९९ चा सप्टेंबर आला. लोकसभा आणि विधानसभा दोन्ही निवडणुका एकदम. शिक्षक, प्राध्यापक, लिपिक, सगळ्यांना ड्यूटी. माझी ऑर्डर आली तेव्हा मी केंद्राध्यक्षाचं नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं. सर होते. निफाडकडच्या एका गावातलं केंद्र, जिल्हा परिषदेच्या शाळेत. मी मतदान अधिकारी क्रमांक एक, म्हणजे यादी माझ्याकडे. मतदाराचं नाव मोठ्याने वाचायचं आणि यादीत खूण करायची.

ट्रेनिंगला सर पहिल्या रांगेत बसले आणि त्यांनी एवढे प्रश्न विचारले की ट्रेनिंग देणारे तहसील कचेरीतले साहेब शेवटी म्हणाले, "सर, असं काही होत नसतं."

"झालेलं आहे," सर म्हणाले.

"कुठे?"

मी सरांच्या बाहीला हात लावला, म्हणून बेकर काउंटीचं नाव निघायचं राहिलं.

मतदानाच्या दिवशी सकाळी सातपासून रांग होती. लोकसभेची पांढरी मतपत्रिका, विधानसभेची गुलाबी. दोन पेट्या. म्हातारी माणसं पांढरी घडी गुलाबीच्या पेटीत टाकायला जायची आणि सर खुर्चीतून अर्धे उठायचे. दुपारपर्यंत ते जवळजवळ उभेच होते. सगळं नीट चाललं होतं. पोलिंग एजंट आपसात सुपारी वाटून खात होते, वादावादी नाही.

तीनच्या सुमाराला एक म्हातारी आली. सत्तरीच्या पुढची असेल. मूळची पेठकडच्या डोंगरातली, पण बरीच वर्षं इथल्याच एका द्राक्षबागेवर राहून काम करणारी, असं एजंटांनी नंतर सांगितलं. तिने चिठ्ठी दिली. मी नाव वाचलं, यादीत नंबर काढला आणि माझा हात थांबला. त्या ओळीवर खूण होती. म्हणजे तिच्या नावावर मत पडून गेलं होतं.

"आजी, तुम्ही सकाळी येऊन गेलात का?"

"नाय बाई. आत्ताच आले चालत." तिने डाव्या हाताचं बोट पुढे केलं. शाई नव्हती.

मी खाली पाहिलं. दोन ओळी सोडून तेच नाव, तेच आडनाव, नवऱ्याचं नाव तेवढं वेगळं. त्या ओळीवर खूण नव्हती. सकाळी गर्दीत त्या दुसऱ्या बाई आल्या असणार, मी नाव ऐकलं आणि वरच्या ओळीवर खूण केली. सहाशे पानांत एक जज्जाचा सोबती जास्त झाला तर मला दिसला होता, आणि इथे दोन ओळींतला फरक दिसला नव्हता.

मी सरांना बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं. ते यादीवर वाकले.

एक एजंट म्हणाला, "सर, त्यात काय एवढं? ती दुसरी सकाळीच येऊन गेली, मी पाहिली ना. हिला खालच्या ओळीवर द्या. आमची कोणाची हरकत नाय." बाकीच्या एजंटांनी माना हलवल्या. एरवी ते एकमेकांशी कशावरच सहमत नव्हते.

"सर, चूक माझी आहे," मी म्हटलं. "खालच्या ओळीवर खूण करू का?"

सरांनी दोन्ही ओळींवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आपल्याला वाटतंय की असं झालं. खात्री आहे?"

"जवळजवळ आहे."

"बेकरच्या तिघांनीही हेच सांगितलं होतं," ते म्हणाले, आणि पिशवीतून नियमांची पुस्तिका काढली.

त्यासाठी नियम होता. आपल्या नावावर आधीच मत पडलेलं असेल तर मतदाराला प्रदत्त मतपत्रिका द्यायची. तिच्यावर शिक्का मारायचा, पण ती पेटीत जात नाही. वेगळ्या पाकिटात जाते, पाकीट सील होतं. सरांनी फॉर्म भरला, आजीचा अंगठा घेतला, दोन्ही मतपत्रिका दिल्या. ती पडद्यामागे गेली, शिक्के मारून आली आणि पेटीकडे वळली. सरांनी तिला थांबवून पाकीट पुढे केलं.

"यात?" ती म्हणाली. "समद्यांचं तर पेटीत टाकलं."

"तुमचं यात, आजी."

"पण मोजत्यात ना ह्ये?"

इथे सर 'हो' म्हणाले असते तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. ती घरी गेली असती, आम्ही पुढचं नाव घेतलं असतं. खोलीतल्या सगळ्यांना तेच हवं होतं, मला तर फारच.

"सहसा नाही मोजत," सर म्हणाले. "कोणी कोर्टात गेलं आणि कोर्टाने सांगितलं तरच. तुमची चूक नाही आजी. आमच्याकडून झाली."

मग तिने दोन्ही घड्या पाकिटात टाकल्या, आत वाकून नीट गेल्या का ते पाहिलं आणि म्हणाली, "मंग नीट ठेवा. पावसात भिजवू नका."

परतताना एसटीत सर खिडकीशी बसले होते. मी दोनदा म्हटलं, "सर, माझ्यामुळे झालं." दोन्ही वेळा ते म्हणाले, "केंद्राध्यक्ष मी होतो." निफाड आलं, गेलं. ओझर आलं. मग ते एकदम म्हणाले, "माझ्या प्रबंधात सातशे तळटिपा आहेत. वकील आहेत, जज्ज आहेत, गव्हर्नर आहेत. मत द्यायला चालत आलेलं माणूस एकही नाही."

महिन्याभराने, निकाल लागून गेल्यावर, ते मला म्हणाले, "तू मोकळी आहेस का रविवारी?" आम्ही त्या गावी गेलो. बागेत छाटणी चालली होती. आजी बांधावर बसून काड्या गोळा करत होती. तिने आम्हाला ओळखलं, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. सर क्षमा मागायला लागले तर ती म्हणाली, "कोण आलं निवडून, ते सांगा की."

सरांनी सांगितलं.

"बरं झालं. मी तर..."

सरांनी दोन्ही कान झाकून घेतले. "आजी, सांगू नका. गुप्त असतं ते."

ती इतकी हसली की सून चहा घेऊन बाहेर आली. "आता पाकिटात पडलंय, अन गुपित कशाचं?" ती सुनेला म्हणाली. पण सरांनी कान सोडले नाहीत, आणि शेवटी तिने ते सांगितलं नाही. चहा मात्र दोनदा झाला.

त्यानंतर सरांनी प्रबंधाचं शेवटून दुसरं प्रकरण काढून टाकलं आणि नव्याने लिहिलं. त्यात ती माणसं होती जी काही वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होती, ज्यांना नुकतं मत मिळालं होतं, जी धमक्या ऐकूनही चालत मतदानाला आली होती. अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्यातल्या काहींनी साक्षी दिल्या होत्या, त्या छापील होत्या, सरांकडे त्यांच्या झेरॉक्स दहा वर्षं पडून होत्या. पुढे तडजोडी झाल्या, त्यांच्या रक्षणाला असलेलं केंद्राचं सैन्य मागे गेलं, आणि या लोकांची मतं एकेक करून काढून घेतली गेली. हे प्रकरण त्यांनी एकदाच लिहिलं. 'हाउएव्हर' बदलला नाही.

पुढचं वर्ष २०००. नोव्हेंबरमध्ये एका सकाळी सर शाळेत येऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. शाळेत ते कधी आले नव्हते. मला वाटलं, काकूंना काही झालं.

"फ्लोरिडा," ते म्हणाले. त्यांनी हातातला पेपर माझ्या टेबलावर उघडला.

अमेरिकेची निवडणूक झाली होती आणि सगळी फ्लोरिडात येऊन अडली होती. फरक अगदी थोड्या मतांचा. फेरमोजणी, वकील, कोर्ट. त्यांच्या घरी केबल नव्हती. पुढचा महिनाभर ते वही घेऊन शेजाऱ्यांकडे बातम्या पाहायला जात होते, आणि शेजाऱ्यांची मुलं कार्टून बघायला काकूंकडे जात होती, तर तिथे दूरदर्शनच.

आधी एका स्थानिक दैनिकाचा वार्ताहर आला. दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली की नाशिकच्या प्राध्यापकांनी फ्लोरिडाचं भाकीत आधीच केलं होतं. सरांनी संपादकांना पत्र पाठवलं की आपण कसलंही भाकीत केलेलं नाही, आपला अभ्यास १८७७ च्या मार्चपाशी संपतो. तेही छापून आलं आणि लोक म्हणाले, केवढे नम्र आहेत. ज्या सहकाऱ्यांनी त्यांना टॅलाहासीकर नाव ठेवलं होतं, तेच आता पाहुण्यांना सांगायला लागले, "हे आमचे टॅलाहासीकर." रस्त्यात माणसं थांबवून विचारायची, "सर, कोण येणार?" सर म्हणायचे, "मागच्या वेळी चार महिने लागले होते." मागच्या वेळी म्हणजे कधी, ते विचारायला कोणी थांबत नसे.

काकू फोन घ्यायच्या आणि सांगायच्या, "आहेत घरी. पण तुम्हाला घाई असेल तर नका विचारू."

एका वाचनालयाने व्याख्यान ठेवलं. हॉल भरला, मागे माणसं उभी. सर दीड तास बोलले आणि मतदानाच्या दिवशीच्या सकाळपर्यंत पोचले. काकूंनी पहिल्या रांगेतून चिठ्ठी पाठवली. ती काय होती ते मी नंतर पाहिलं. 'मतं मोजा आता', असं लिहिलं होतं. सरांनी ती वाचून खिशात ठेवली आणि मोजणीला हात घातला.

शेवटी प्रश्न झाले. कोणीतरी विचारलं, "सर, आपल्याकडे असं होतं का हो?"

"चुका होतात," ते म्हणाले. "एक माझ्या हातून झाली आहे. एका बाईंचं मत मोजलं गेलं नाही." लोकांना वाटलं, पुढे काही किस्सा येईल. पण ते तेवढंच बोलून खाली बसले. मी तिसऱ्या रांगेत होते. चूक माझी होती, आणि भरल्या हॉलमध्ये त्यांनी ती स्वतःच्या नावावर घेतली होती. घरी जाताना मी त्यांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "प्रबंधात टायपिस्टच्या चुकांची जबाबदारी लेखकाची असते." मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. काकूंनी माझ्या हातात व्याख्यानात मिळालेला नारळ ठेवला. "धर," त्या म्हणाल्या, "ह्यांच्याशी वाद घालशील तर फ्लोरिडा पुन्हा पहिल्यापासून ऐकावा लागेल."

डिसेंबरच्या मध्याला तिकडे निकाल लागला. सर शेजाऱ्यांकडून घरी आले, वही बंद केली. "एकच निकाल," ते म्हणाले. "आमच्या वेळी तीन होते."

एवढं सगळं झाल्यावर विद्यापीठाला एकदम घाई झाली. ज्या विषयाचा आजच्या काळाशी संबंध काय, असं त्यांच्या मार्गदर्शकांनी वर्षानुवर्षं विचारलं होतं, त्यावरचा प्रबंध लवकर सादर करा म्हणून त्यांचीच पत्रं यायला लागली. तरी सादर व्हायला वर्ष गेलं, तोंडी परीक्षेला आणखी काही महिने. त्या सुमाराला सर निवृत्तही झाले. पीएचडीमुळे मिळणारी पगारवाढ ज्या नोकरीत मिळायची ती नोकरीच संपली होती. काकूंनी हे त्यांना एकदाच सांगितलं.

तोंडी परीक्षेला काकू आणि मी दोघी पुण्याला गेलो. खोलीत वीसेक माणसं होती. बाहेरून आलेले परीक्षक चांगले होते, सगळं वाचून आलेले. त्यांनी बऱ्याच प्रश्नांनंतर विचारलं, "भारतातल्या एका प्राध्यापकाने फ्लोरिडातली १८७६ ची निवडणूक का अभ्यासावी?"

हा प्रश्न येणार हे सरांना माहीत होतं. त्याचं उत्तर तीन पानांचं होतं, मीच टाइप केलं होतं. निसटता निकाल, संस्थांवरचा विश्वास, तुलनात्मक दृष्टी. सरांनी खिसे चाचपले. तीन पानं माझ्या पर्समध्ये होती. मी ती काढेपर्यंत ते म्हणाले, "मला आवडली म्हणून."

परीक्षक हसले आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पहिलं एका वाक्यातलं उत्तर."

प्रबंध बांधून आला तेव्हा त्याची एक प्रत सरांनी मला दिली. ऋणनिर्देशाचं पान त्यांनी मला दाखवलं नव्हतं. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून ते एकच पान त्यांनी कॉलेज रोडवरच्या दुसऱ्या दुकानातून करून घेतलं होतं. त्यात माझ्यावर एक पूर्ण परिच्छेद होता, आणि माझं नाव चुकलेलं होतं. मी काही बोलणार नव्हते. पण सर समोर बसून वाचताना माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, त्यांनीच विचारलं, "काय झालं?" मी चुकलेल्या अक्षरावर बोट ठेवलं. मग पाचही प्रती मागवून त्यांनी स्वतः काळ्या शाईने ते अक्षर दुरुस्त केलं आणि प्रत्येक ठिकाणी बाजूला सही केली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जी प्रत आहे तिच्यातही ती सही असेल.

दोन-तीन वर्षांनी त्यांची मुलगी अमेरिकेत होती ती दोघांना घेऊन गेली. सहा महिने ते न्यू जर्सीत राहिले. परत आल्यावर मी विचारलं, "फ्लोरिडाला जाऊन आलात?"

"नाही गेलो."

"का? एवढं जवळ जाऊन?"

"जवळ कुठलं, विमानाने तीन तास," काकू म्हणाल्या. "जावई तिकिटं काढत होते. हेच नको म्हणाले."

सरांनी चहाचा कप बशीत ठेवला. "तिथे आता सगळं वेगळं असणार," ते म्हणाले. "हॉटेलं, समुद्र, लोक सुट्टीला येतात म्हणे." आणि मग जरा पुढे सरकून, काकू आत गेल्या आहेत असं पाहून, ते हळूच म्हणाले, "वाद झालेली तीन राज्यं होती, तुला आठवतंय ना? लुइझियानावर फारसं नीट काम झालेलं नाही."

मी तेव्हा शाळेत वरिष्ठ लिपिक झाले होते, घरी दोन मुलं होती. मी म्हटलं, "सर, मी आता बाहेरचं टायपिंग करत नाही."

"तू टाइप नको करूस," ते म्हणाले. "टाइप मी शिकतोय. तू फक्त वाच."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "त्या मुलीला जेवू द्या आधी."

जेवण झाल्यावर मी पहिली चार पानं घरी घेऊन गेले. दुसऱ्याच ओळीत त्यांनी लुइझियानाचं स्पेलिंग चुकवलं होतं.